धुराचा हिशेब आणि वसईची वाडी

(वसई येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा लेखरूप मजकूर)



संयोजकांनी मला दिलेला विषय लांबलचक आहे. शेती, ऊर्जा आणि एकूण आर्थिक व्यवहार यांचा हवेत जाणाऱ्या हरितगृह वायूंशी काय संबंध आहे, हे मी सांगावे अशी त्यांची अपेक्षा आहे. विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या मनात, हा सुखवस्तू लोकांचा छंद आपल्या अभ्यासवर्गात कशाला, असा विचार आला असल्यास मी त्यांना दोष देणार नाही. पंधरा वर्षांपूर्वी माझ्याही मनात तो येत असे. परंतु मघाशी चहाच्या वेळी पूर्व भागातील एका तरुण साथीने मला विचारले, "सर, भातशेतीमुळे पृथ्वी तापते असे वर्तमानपत्रात आले आहे. म्हणजे आता आमच्या खाचरावरही खटला भरणार काय?" हा प्रश्न छंदाचा नाही. ज्याच्या नावावर कधी मोटारगाडी नव्हती आणि ज्याने विमान केवळ डोक्यावरून जाताना पाहिले आहे, अशा माणसाला जर पृथ्वीच्या तापाचा आरोपी ठरविले जात असेल, तर त्या आरोपपत्राची छाननी करणे हे आपल्या पक्षाचे काम आहे. म्हणून मी त्याच प्रश्नापासून आरंभ करतो.

प्रथम सरकारी हिशेब पाहू. भारत सरकारने संयुक्त राष्ट्रसंघाला डिसेंबर २०२४ मध्ये सादर केलेल्या अहवालाप्रमाणे २०२० साली देशातून सुमारे २९६ कोटी टन कर्बवायूच्या तोलाचे हरितगृह वायू हवेत गेले. यात वनांनी शोषून घेतलेला भाग वजा केलेला नाही. या एकूण रकमेत ऊर्जेचा वाटा पाऊणशे टक्क्यांहून थोडा अधिक, म्हणजे ७५.६६ टक्के आहे, शेतीचा १३.७२ टक्के, कारखान्यांतील रासायनिक प्रक्रियांचा ८ टक्क्यांच्या आसपास, आणि उरलेला अडीच टक्के कचऱ्याचा व सांडपाण्याचा. शेतीच्या वाट्यात निम्म्याहून अधिक भाग गुरांच्या रवंथातून निघणाऱ्या मिथेनचा आहे. भातखाचरांचा वाटा शेतीच्या हिशेबात साधारण सहावा हिस्सा. म्हणजे देशाच्या एकूण उत्सर्जनात भातखाचरे अडीच टक्क्यांच्या आसपास येतात. आपल्या साथीच्या खाचरावर खटला भरावयाचाच असेल तर त्याच्या आधी रांगेत बरेच मोठे आरोपी उभे आहेत.

या आकड्यांत आणखी एक गंमत आहे, आणि अर्थशास्त्राचा शिक्षक म्हणून ती सांगितल्यावाचून मला राहवत नाही. शेतकऱ्याचा पंप ज्या विजेवर चालतो ती शेतीच्या खात्यात नाही, ऊर्जेच्या खात्यात आहे. शेतात पडणारा युरिया कारखान्यात तयार होताना जो वायू निघतो तोही शेतीच्या खात्यात नाही. उलट तोच युरिया जमिनीत पडल्यावर त्यातून निघणारा नायट्रस ऑक्साइड मात्र शेतीच्या नावे लिहिला जातो. खाती कशी पाडावीत हा शास्त्राचा प्रश्न असला तरी खाती वाचताना राजकारण शिरतेच. डहाणूच्या औष्णिक केंद्राचे उदाहरण घ्या. ५०० मेगावॅटचे, कोळशावर चालणारे हे केंद्र १९९० च्या दशकाच्या मध्यावर सुरू झाले. त्याची वीज प्रामुख्याने मुंबईच्या उपनगरांसाठी. धुराडे डहाणूच्या चिकूच्या बागांशेजारी, दिवे वांद्र्यापासून दहिसरपर्यंत. उत्सर्जन मात्र लिहिले जाते ते जेथे धुराडे आहे तेथे. पालघर जिल्ह्याचा उद्या कोणी असा ताळेबंद मांडला तर हा आदिवासी जिल्हा मोठा प्रदूषक दिसेल, आणि ज्यांच्या वातानुकूलन यंत्रांसाठी तो कोळसा जळतो ती घरे स्वच्छ दिसतील.

अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ साली एका लहानशा पुस्तिकेत हाच मुद्दा जगाच्या पातळीवर मांडला होता. गरीब शेतकऱ्याच्या खाचरातील व गोठ्यातील मिथेन हे जगण्यासाठीचे उत्सर्जन, श्रीमंत देशांतील मोटारींचा धूर हे चैनीचे उत्सर्जन; दोन्हींना एका तागडीत घालणे हा अन्याय आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आजही माणशी हिशेब केला तर भारतीय माणसाच्या नावे वर्षाला सुमारे दोन टन कर्बवायू येतो, अमेरिकनाच्या नावे चौदा टनांच्या आसपास. शिवाय मिथेन हवेत साधारण बारा वर्षे टिकतो, तर कोळशाच्या कर्बवायूचा मोठा भाग शतकानुशतके राहतो. हा सर्व युक्तिवाद मला मान्य आहे. परंतु मित्रहो, हा युक्तिवाद आपण जगापुढे करावयाचा आणि घरात मात्र विसरावयाचा, असे होता कामा नये. भारतीय माणसाची सरासरी दोन टन आहे याचा अर्थ मलबार हिलवरील माणूस आणि नालासोपाऱ्यातील चाळकरी दोघेही दोन-दोन टन सोडतात असा नव्हे. गरिबांच्या सरासरीआड श्रीमंतांनी दडावे, हा प्रकार आपल्या देशात फार चालतो.

याचा अर्थ शेतीत सुधारणेला जागा नाही असा मी घेत नाही. या बाबतीत मी थोडा वेळ थांबणार आहे, कारण कोकणातील भाताबद्दल बोलताना आपण एक तर भावनेने बोलतो किंवा तुच्छतेने.

खाचरात पाणी साचून राहिले की मातीतील प्राणवायू संपतो आणि कुजणाऱ्या काडीकचऱ्यावर जगणारे जंतू मिथेन तयार करतात. मधूनमधून पाण्याचा निचरा केला की मिथेन बराच घटतो, हे सर्वत्र सिद्ध झाले आहे. परंतु पंजाबमध्ये जेथे पाणी नळकूपातून येते तेथे निचरा शेतकऱ्याच्या हाती असतो. वसई पूर्व, वाडा, विक्रमगड येथे आषाढ-श्रावणात पाऊस कोसळत असताना निचरा करा असे सांगणारा सल्लागार बहुधा छत्रीतून बाहेर आलेला नसतो. आपल्याकडे खरे काम दुसऱ्या ठिकाणी आहे, ते राबात आणि खतात. रोपवाटिकेची जागा भाजण्यासाठी झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, शेण, पेंढा उन्हाळ्यात जाळतात. त्यासाठी ऐनाची झाडे दरवर्षी ओरबाडली जातात. आणि खताच्या बाबतीत, युरिया फेकून दिला जातो. फेकलेल्या युरियातील मोठा भाग पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जातो किंवा हवेत जातो. नायट्रस ऑक्साइड हा वायू, शंभर वर्षांच्या हिशेबाने, कर्बवायूच्या सुमारे २७३ पट तापविणारा आहे.

यावरचा उपाय परदेशातून आणावयास नको. डॉ. नारायण सावंत यांनी कोकणातल्या लहान शेतकऱ्यासाठीच चारसूत्री भातलागवड बसविली. भाताच्या तुसाची राख रोपवाटिकेत आणि पेंढा खाचरात घालावयाचा; गिरिपुष्पाचा हिरवा पाला खत म्हणून वापरावयाचा; जोडओळींत मोजून दोन-तीन रोपांचे चूड लावावयाचे; आणि युरिया-डीएपीची एक गोळी चार चुडांच्या मध्ये हाताने खोल चिखलात खोचावयाची. गोळी खोल गेल्यामुळे खत पिकालाच मिळते, कमी लागते आणि हवेत कमी जाते. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी तर चिखलणी आणि लावणी दोन्ही वगळून गादीवाफ्यांवर भात टोकण्याचे सगुणा तंत्र बसविले. मुळे जमिनीतच ठेवल्याने जमीन सुधारते. त्या तंत्रातील तणनाशकावरची भिस्त मला खटकते, परंतु त्याच्यामागचा विचार मोलाचा आहे.

मग हे सर्वत्र का झाले नाही? शेतकरी अडाणी म्हणून? तसे नाही. ४५ किलोची युरियाची पिशवी सरकार अडीचशे-पावणेतीनशे रुपयांत देते. गोळी खोचण्यासाठी मात्र दिवसभर वाकून काम करणारा हात लागतो, आणि तो हात बहुधा बाईचा असतो. पिशवी स्वस्त आणि मजुरी महाग असे गणित सरकारनेच मांडल्यावर शेतकरी युरिया फेकणार, खोचणार नाही. महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ साली केला. त्याच्या मागे आपल्या चळवळीचाही रेटा होता. खताच्या अनुदानाचा काही भाग कारखानदाराऐवजी त्या वाकलेल्या बाईच्या मजुरीकडे वळवा, अशी मागणी आपण का करू नये? पैसा तोच, धूर कमी, आणि काम गावात. हवामानाचा प्रश्न मजुरीच्या प्रश्नापासून वेगळा नाही याचे याहून सरळ उदाहरण मला सापडत नाही.

आता पूर्वेकडून रूळ ओलांडून पश्चिमेला येतो, आपल्या वाड्यांकडे. नंदाखाल, आगाशी, निर्मळ, भुईगाव, गिरीज, वाघोली या पट्ट्यातील जुन्या माणसांना मी जे सांगतो आहे ते माझ्याहून अधिक माहीत आहे. केळी, नागवेल, नारळ, भाजी, फुले यांची मिश्र वाडी. तिच्या मध्ये विहीर, आणि विहिरीजवळ बावखल. वालुकामय जमिनीखाली पावसाच्या गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. तो थर टिकवून धरणारे पाण्याचे साठे म्हणजे ही बावखले. रहाट होता तोवर उपसा बैलाच्या चालीने होत असे, आणि बैल थकला की विहिरीलाही विसावा मिळे. मग इंजिन आले, विजेचा पंप आला. १९८० च्या दशकात याच विहिरींचे पाणी टँकरने मुंबईच्या उपनगरांकडे आणि बांधकामांकडे जाऊ लागले. विहिरी खारटल्या. बावखले भरणी घालून बुजविली गेली. त्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि धर्म, जात, पक्ष बाजूस ठेवून माणसे रस्त्यावर आली. १९९० साली सिडकोला येथील नियोजन प्राधिकरण नेमण्यात आले. २००९ साली चार नगर परिषदा आणि आसपासची गावे मिळून महानगरपालिका झाली. गावे वगळण्याचा वाद त्यानंतर वर्षानुवर्षे मंत्रालय आणि न्यायालय यांच्यामध्ये फिरत राहिला. २०११ च्या शिरगणतीत या शहराची लोकसंख्या सव्वाबारा लाखांच्या घरात होती.

ही कथा आपण आजवर पाण्याची आणि जमिनीची म्हणून सांगत आलो. मी आज ती धुराची म्हणून सांगू इच्छितो. एक साधा हिशेब पाहा. हा माझा ढोबळ हिशेब आहे, कोणा संस्थेचा नाही. पाच-सहा मीटर खोल विहिरीतून साध्या पंपाने हजार लिटर पाणी काढावयास विजेच्या एका युनिटाचा साधारण पंचविसावा भाग पुरतो. आपल्या देशातील वीज बहुतांशी कोळशाची असल्याने एका युनिटामागे सुमारे सातशे ग्रॅम कर्बवायू धरला तर हजार लिटरमागे तीस ग्रॅम होतात. तेच पाणी दहा हजार लिटरच्या टँकरने दहा किलोमीटरवरून आणले, रिकामा टँकर परत नेला, लिटरला चार किलोमीटर धरले, तर पाच लिटर डिझेल जळते. हजार लिटरमागे साडेतेराशे ग्रॅम. पंचेचाळीसपट! विहीर खारट करून आपण धूर पंचेचाळीसपट वाढविला. आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या पुस्तकात याची नोंद कशी झाली ते ऐका. विहिरीचे पाणी वाडीला मिळत होते तेव्हा त्याला किंमत नव्हती, म्हणून उत्पन्नात त्याची नोंद शून्य. टँकरने विकले, उत्पन्न वाढले. विहीर खारटली, वजा काहीच झाले नाही. वाडी विकली, इमारत उभी राहिली, उत्पन्न आणखी वाढले. इमारतीला पाणी नाही म्हणून पुन्हा टँकर, पुन्हा उत्पन्न. प्रत्येक पायरीला विकास, आणि प्रत्येक पायरीला धूर.

विल्यम काप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली खासगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावर एक ग्रंथ लिहिला. खासगी नफ्याच्या व्यवस्थेत आपला खर्च दुसऱ्यावर ढकलणे हा अपवाद नसून नियम आहे, हे त्याचे प्रतिपादन. पाठ्यपुस्तकांत या गोष्टीला बाह्य परिणाम म्हणतात, जणू काही ती खिडकीबाहेर घडते. वसईत ती घराच्या आत, माठात घडली.

वाडी विकणाऱ्या शेतकऱ्याला दोष देणारे भाषण मी करणार नाही. मुलांची शिक्षणे, मजुरांची टंचाई, खारे पाणी, आणि शेजारच्या गुंठ्याला मिळालेला भाव यांच्यापुढे एकट्या माणसाने तत्त्व म्हणून केळी लावीत बसावे ही अपेक्षा क्रूर आहे. परंतु इमारतीच्या धुराविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. सिमेंट बनविताना निघणाऱ्या कर्बवायूचा निम्म्याहून अधिक भाग कोळशाचा नसतो, चुनखडी भाजल्यावर खुद्द त्या दगडातून तो सुटतो. उद्या सिमेंटचा कारखाना सूर्याच्या विजेवर चालला तरी तो थांबणार नाही. म्हणून रिकामे राहणारे, गुंतवणूक म्हणून घेतलेले घर हे केवळ सामाजिक पाप नाही, तो हवेत कायमचा सोडलेला वायू आहे.

आणि त्या घरांमागोमाग कचरा येतो. गोखिवऱ्याच्या क्षेपणभूमीतील ओला कचरा न निवडता टाकला जातो, तो कुजतो आणि मिथेन होतो. खाचरातला मिथेन निदान भात देतो. नालासोपारा पूर्वेला ज्या जमिनीवर क्षेपणभूमी आणि सांडपाणी प्रक्रियेचे आरक्षण होते, तिच्यावर ४१ इमारती उभ्या राहिल्या, त्यांत माणसे पैसे मोजून राहावयास आली, आणि २०२५ च्या आरंभी न्यायालयाच्या आदेशाने त्या पाडल्या गेल्या. अडीच हजारांच्या आसपास कुटुंबे उघड्यावर आली. सिमेंट एकदा जळले, इमारती जमीनदोस्त झाल्या, ती कुटुंबे दुसरीकडे घर घेणार म्हणजे सिमेंट पुन्हा जळणार. शिक्षा राहणाऱ्याला झाली. या व्यवहारातील हवेचा आणि माणसांचा हिशेब एकच आहे हे आपल्या भाषणांतून मी क्वचित ऐकतो.

आता ऊर्जेकडे वळतो. ज्या ऊर्जेला आपण पूर्वी अपारंपरिक म्हणत असू तिला आता अक्षय म्हणतात. नावात आशा अधिक आहे. २०२५ साली भारतात वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, वायू, तेल यांखेरीज इतर साधनांची झाली. ही मोठी गोष्ट आहे, तिला नाके मुरडू नयेत. परंतु स्थापित क्षमता आणि प्रत्यक्ष वीज यांत अंतर असते. सूर्य रात्री नसतो. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत सुमारे सत्तर टक्के वाटा अजून कोळशाचाच आहे.

महाराष्ट्रात सौर कृषिवाहिनीची योजना २०१७ पासून आहे, २०२३ साली तिचा विस्तार झाला. शेतीला दिवसा वीज मिळेल, रात्री साप-विंचवांत पाणी धरावयास जावे लागणार नाही, ही शेतकऱ्याची जुनी मागणी तीतून पुरी होते. तिला माझा पाठिंबा आहे. मात्र जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख मिळतात, त्या जमिनीवर गुरे चारणाऱ्याला काही मिळत नाही. आणि पॅनेलांचा मालक बहुधा निविदा भरणारी कंपनी असतो. घरांच्या छपरांसाठी २०२४ पासून केंद्राचे अनुदान आहे, तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये. ते कोणाला मिळते? ज्याच्या नावे छप्पर आहे त्याला. नालासोपाऱ्याच्या चाळीत, किंवा कागद नसलेल्या इमारतीत, भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाचे छप्पर कोणाचे? सूर्य सर्वांचा आहे, मीटर मात्र मालकाचा आहे.

वाड्यांच्या बाबतीत धोका याहून निराळा आहे. जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली दाखवून दिले की इंजिने कमी कोळशात चालू लागली तेव्हा इंग्लंडचा कोळशाचा खप घटला नाही, वाढला. स्वस्त झालेली गोष्ट माणूस अधिक वापरतो. शासनाने २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज दिली, आणि दहा टक्के रक्कम भरल्यास सौरपंपही देऊ केला. मराठवाड्यातील शेतकऱ्याला याचा आधार वाटेल. पण भुईगावच्या विहिरीवर सकाळी आठ ते संध्याकाळी पाच फुकट चालणारा पंप बसविला तर काय होईल? गोड पाण्याचा उरलासुरला थर संपेल. धूर शून्य, आणि विहीरही शून्य. अशा वाडीची पुढची पायरी आपण पाहिलीच आहे, ती सिमेंटची. सौरपंपाने वाचविलेला सगळा कर्बवायू एका इमारतीच्या पायातच खर्ची पडेल.

येथे मला गुजरातेतील खेडा जिल्ह्यातील धुंडी गावाची आठवण होते. तेथील काही शेतकऱ्यांनी २०१६ च्या सुमारास सौरपंपांची सहकारी मंडळी स्थापन केली आणि पंपाची उरलेली वीज कंपनीला विकण्याचा पंचवीस वर्षांचा करार केला. पाणी उपसण्यापेक्षा वीज विकणे फायद्याचे झाल्यावर पाण्याला आपोआप किंमत आली, कोणी बंदी न घालता. लहानसा प्रयोग आहे, त्याला वितरण कंपनीच्या मर्जीचे अडथळे आहेत, दराचे वाद आहेत. तरीही डॉ. लोहिया ज्याला लहान घटकाचे यंत्र म्हणत, गावाच्या हाती राहणारे, त्याचे दर्शन मला विजेच्या क्षेत्रात प्रथम तेथे झाले. सहकाराच्या बाबतीत महाराष्ट्राने गुजरातेकडून शिकावे लागते हे धनंजयराव गाडगीळांना कसे वाटले असते कोण जाणे. वसईत तर पतपेढ्या, दूध आणि फुलांच्या सहकारी संस्था यांची परंपरा आहे. बासीन कॅथलिक बँक आणि वसई विकास बँक ही नावे येथे प्रत्येक घरात माहीत आहेत. मग वाडीच्या कुंपणाला, गोठ्याच्या छपराला, शाळेच्या आणि मंदिर-चर्चच्या गच्चीला पॅनेले लावून गावाची एक वीज मंडळी निघू शकत नाही असे मी मानीत नाही. एक किलोवॅटच्या पॅनेलापासून वर्षाला चौदाशेच्या आसपास युनिटे मिळतात, आणि साधारण एक टन कर्बवायू वाचतो. प्रश्न तंत्राचा नाही, मालकीचा आहे. आणि पाणी विकण्याऐवजी वीज विकणारी वाडी टिकली तर बावखलही टिकते.

एका गोष्टीचा उल्लेख करून पुढे जातो. येथे बसलेल्यांपैकी निम्मे जण आज लोकलने आले. विरारपर्यंत विजेची गाडी १९३६ साली आली. दारात लोंबकळत जाणारा विरारचा प्रवासी हा माणशी हिशेबाने देशातील सर्वांत कमी धूर सोडणाऱ्या प्रवाशांपैकी असेल. त्याबद्दल त्याला कोणी प्रशस्तिपत्र देत नाही, एखादा जादा डबाही मागून मागून मिळतो. द्रुतगती मार्ग आणि बुलेट गाडी यांना मात्र जमीन मागावी लागत नाही, ती घेतली जाते. वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. खर्च ७६ हजार कोटींहून अधिक. डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून १९९१ साली घोषित झाला होता, आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी अध्यक्ष असलेल्या प्राधिकरणाने हेच बंदर १९९८ साली नाकारले होते. त्याच प्राधिकरणाने २०२३ साली होकार दिला. आता ते हरित बंदर होणार, क्रेन विजेवर चालणार, असे सांगितले जाते. समुद्रात भराव घालून मच्छीमारांचे क्षेत्र काढून घेतल्यावर क्रेन कशावर चालते हा दुय्यम प्रश्न आहे.

सूर्या प्रकल्पाचेही तसेच. धामणी धरण डहाणू, विक्रमगड, पालघरच्या शेतीसाठी म्हणून बांधले. आज तिचे पाणी वसई-विरारकडे येते. वसई-विरारसाठी १८५ दशलक्ष लिटरचा नवा पुरवठा २०२३ च्या अखेरीस सुरू झाला, आणि येथील बायकांची हंड्याची पायपीट त्यामुळे कमी झाली, हे मी आनंदाने मान्य करतो. गोरेगावात मृणालताई पाण्यासाठी लढल्या तेव्हा त्यांनी शहरी गरिबाचा हक्क मांडला होता. तो हक्क खोटा नाही. परंतु कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या आदिवासी शेतकऱ्याचे दुसरे पीक गेले तर तोही उद्या नालासोपाऱ्यात खोली शोधीत येईल. त्यालाही पाणी लागेल आणि सिमेंटही. आपल्या बावखलांत आणि विहिरींत जितके पाणी राहील तितके सूर्येचे पाणी तिच्या खोऱ्यात राहू शकेल. जुलै २०१८ च्या पुरात मिठागरांतील वस्ती पाण्याने वेढली गेली आणि नालासोपाऱ्याला रूळ बुडाले, तेव्हाही पाणी मुरावयाची हीच ठिकाणे आपण बुजविली होती.

तेव्हा साथींनो, मी आज निवेदनाचा मसुदा आणलेला नाही. निवेदने आपण पुष्कळ देतो. आपल्याजवळ आपल्याच गावाचा हिशेब नाही, म्हणून सरकारी हिशेबापुढे आपण गप्प बसतो. पश्चिम पट्ट्यात किती बावखले उरली, त्यांतली सातबाऱ्यावर किती, बुजविलेली किती. वैशाखात कोणत्या विहिरीचे पाणी चवीला खारट होते. पंप किती अश्वशक्तीचे, दिवसाला किती तास चालतात. एप्रिल-मेमध्ये कोणत्या गल्लीत रोज किती टँकर येतात. पूर्वेच्या गावांत राब कोण भाजते, युरियाच्या किती पिशव्या लागतात, लावणीची मजुरी बाईला काय मिळते आणि पुरुषाला काय. हे आकडे ग्रामसभेत आणि प्रभागात वाचावयाचे आहेत. पहिले गाव भुईगाव घ्यावे असे मी सुचवितो, कारण तेथील दोन साथींनी मघाशीच होकार दिला आहे. पूर्वेकडून मला प्रश्न विचारणाऱ्या साथीच्या पाड्यापासून सुरुवात करता येईल. दाराजवळच्या टेबलावर रकाने आखलेल्या वह्या ठेवल्या आहेत. जाताना प्रत्येक गावाने एक घ्यावी, आणि मृगाच्या आधी, विहिरींचे पाणी सर्वांत खाली गेलेले असताना, पहिली नोंद करावी.